हा हक्क तुम्हाला कुणी दिला?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. विधीच्या शेवटच्या वर्षाला तुम्हाला जॉन ऑस्टिन हा इंग्रज कायदेपंडित शिकवला: कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम शिकवला: नैसर्गिक हक्क ही निरर्थक बडबड. मग मानवी हक्क येतात कुठून? देव मानला तर कुणाचा देव, आणि नाही मानला तर त्या हक्कांखाली उरतं काय? शिवाय, या सगळ्याचा आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात उपयोग काय? 'ताई' म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही 'तू' म्हणते.

मी एकतीस वर्षं कोकणातल्या कोर्टांत वहिवाटीचे, कुळांचे, पाणंदीचे दावे चालवते आहे. तुझा प्रश्न मला पहिल्यांदा भिडला तो साक्षीच्या पिंजऱ्यापाशी. एका गावात मच्छीमारांची किनाऱ्यावर उतरायची वाट एका नारळी-पोफळीच्या बागेतून जायची. बाग विकली गेली. नव्या मालकाने चिऱ्याचा गडगा घातला आणि फाटकाला कुलूप लावलं. सातबाऱ्यावर वाटेची नोंद नव्हती. आमच्या बाजूने साक्षीला उभे होते रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यात आयुष्य गेलेले सत्तरीचे एक आजोबा. उलटतपासात समोरच्या वकिलांनी विचारलं, "हा जाण्यायेण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?" आजोबा क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, "दर्या काय कुनी दिलान् काय? तो व्हताच. आमी उतरत व्हतो."

रेकॉर्डवर नोंद झाली ती अशी: 'हे खरे आहे की, सदर हक्क कोणी दिला हे मी सांगू शकत नाही.'

त्या दिवशी मला वाटलं, साक्ष फसली. आजोबांनी जे सांगितलं ते इ.स. ५३३ मध्येच लिहून ठेवलेलं आहे, हे मला पुढे काही वर्षांनी कळलं. सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी 'इन्स्टिट्यूट्स' नावाचं पाठ्यपुस्तक करवून घेतलं. त्यात मालमत्तेचं प्रकरण सुरू होतानाच म्हटलंय की निसर्गाच्या कायद्याने काही गोष्टी सगळ्यांच्या सामाईक आहेत: हवा, वाहतं पाणी, समुद्र, आणि म्हणून समुद्राचा किनारा. किनारा कुठवर, तर हिवाळ्यातली सगळ्यांत मोठी लाट पोचते तिथवर. भूमध्य समुद्र हिवाळ्यात खवळतो. आपल्याकडे तेच माप आषाढातल्या उधाणाचं धरावं लागेल.

हे रोमन वाक्य आपल्या कायद्यात शिरलं डिसेंबर १९९६ मध्ये. ब्यास नदीच्या पात्राशी एका हॉटेलसाठी खेळ झाला होता. त्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नद्या, किनारे, वनं यांचं सरकार मालक नसून विश्वस्त आहे, आणि त्यासाठी थेट या रोमन कल्पनेपर्यंत मागे गेलं. आपल्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम २० मात्र भरतीरेषेखालचा समुद्रतळ आणि खाड्यांचा तळ राज्याच्या मालकीचा ठरवतं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाच. एक म्हणतं सरकारचं, दुसरं म्हणतं सगळ्यांचं. विश्वस्त ही कल्पना त्या दोघांना जोडते, आणि ती संहितेत कुठेही लिहिलेली नाही.

निसर्गाचा कायदा म्हणजे काय, याचा तात्त्विक प्रवास परीक्षेपुरता तुला ठाऊक असेलच. रोमन वकील आणि विचारवंत सिसेरो म्हणाला की खरा कायदा म्हणजे निसर्गाशी सुसंगत असलेला योग्य विवेक, आणि तो रोमला एक व अथेन्सला दुसरा असू शकत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्याला धर्मशास्त्राची चौकट दिली. ईश्वराच्या बुद्धीत साऱ्या सृष्टीची जी व्यवस्था आहे तो शाश्वत कायदा. माणूस स्वतःच्या बुद्धीने त्यात जेवढा सहभागी होतो तो नैसर्गिक कायदा. ऑस्टिनचं उत्तर शोधायचं असेल तर अक्वायनसची कायद्याची व्याख्या पाठ कर: सर्वांच्या हितासाठी, समाजाची काळजी वाहणाऱ्याने जाहीर केलेला बुद्धीचा आदेश. त्यात आज्ञा आहे, पण आज्ञेच्या आधी बुद्धी आणि हित आहे. ते नसलं तर उरते ती फक्त बळजबरी, असं तो स्पष्ट म्हणतो.

पण त्याच जस्टिनियनच्या पुस्तकात गुलामगिरीची व्याख्याही आहे, आणि ती वाचून मला आजही गलबलून येतं. तिथे सरळ कबूल केलंय की माणसाने माणसाच्या मालकीचं होणं निसर्गाच्या विरुद्ध आहे. एवढं लिहून पुढची पानं गुलाम कसा मिळवावा नि कसा मुक्त करावा याच्या नियमांनी भरली आहेत. निसर्गाचा कायदा पुस्तकात असणं पुरेसं नसतं, हे तिथेच दिसतं.

आता देवाचा प्रश्न. त्यातही आपला समुद्र येतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. सोळाव्या शतकात चौल, वसई, गोवा धरून बसलेले पोर्तुगीज म्हणत की या सागरावर आमचं स्वामित्व आहे. १४९३ मध्ये पोपने नव्या मुलखांची वाटणी करून दिली होती, त्याचाही आधार त्यांना होता. आपल्या गलबतांनी त्यांचा परवाना, कार्ताझ, घेतल्याशिवाय समुद्रात जायचं नाही. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ त्यांचं एक मोठं जहाज पकडलं. डच कंपनीची बाजू मांडायला ह्यूगो ग्रोशियस हा तरुण वकील बसला आणि त्यातून १६०९ मध्ये 'मुक्त सागर' या अर्थाचं त्याचं पुस्तक निघालं. त्याचा मुद्दा असा: समुद्र निसर्गतः कुणाच्या ताब्यात राहूच शकत नाही, आणि पोप जे स्वतःचं नाही ते देऊ शकत नाही. पूर्वेकडच्या लोकांना स्वतःचे राजे आहेत, स्वतःचे कायदे आहेत. ते ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांची मालकी कमी होत नाही. यातला शेवटचा विचार त्याने स्पेनच्या फ्रान्सिस्को दे व्हिटोरियाकडून घेतला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल त्या धर्मगुरूने १५३९ मध्ये, आपल्याच राजाच्या सैन्याने तो मुलूख जिंकला असताना, हेच सांगितलं होतं.

ग्रोशियसने पक्षकारासाठी लिहिलं, हे मी विसरत नाही. पुढे डचांनीही मसाल्याची बेटं अडवलीच. इंग्रजांनी स्वतःचा परवाना तो कायदा आणि कान्होजी आंग्ऱ्यांचं दस्तक, म्हणजे त्यांचा परवाना, ती लूट ठरवली. तरी १६२५ च्या मोठ्या ग्रंथात ग्रोशियसने जे वाक्य लिहिलं त्याचं ऋण मी मानते. त्याचा आशय असा: देव नाही असं मानलं, जे मानणं महापाप आहे, तरीही आम्ही सांगितलेलं काही अंशी टिकेलच. तो पक्का श्रद्धाळू होता. तरी त्याने हा कायदा अशा जागी नेऊन ठेवला की कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि आमचे कोकणातले हिंदू-मुसलमान मच्छीमार, गाबीत-दालदी, सगळे तिथे पोचू शकतील.

तू विचारशील, श्रद्धेशिवाय पाया खरंच टिकतो का? मी स्वतः श्रद्धावान आहे. रोज कोर्टात जाताना ग्रामदेवतेला हात जोडते. माझं उत्तर मात्र मला देवळात मिळालं नाही, शपथेच्या कायद्यात मिळालं. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदार 'ईश्वरसाक्ष' शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करू शकतो. दोघांच्या साक्षीचं वजन सारखं. एकाचं सत्य आभाळाकडे बघून येतं, दुसऱ्याचं स्वतःच्या मनाकडे बघून, आणि न्यायाधीश दोन्ही एकाच कागदावर उतरवून घेतात.

१९४८ मध्ये जगाने हेच केलं. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात माणूस ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे घडवला आहे असा उल्लेख असावा, अशी सूचना ब्राझीलने मांडली होती. ती बाजूला ठेवली गेली. चीनचे पी. सी. चांग, लेबनॉनचे चार्ल्स मलिक, असे अगदी वेगवेगळ्या परंपरांतले लोक त्या टेबलाशी होते. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा वाचला जाऊ शकणारा शब्द जाऊन 'सर्व मानव' आला तो आपल्या हंसा मेहतांमुळे. १० डिसेंबरला मतदान झालं: ४८ बाजूने, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. जाक मारितँ या कॅथलिक तत्त्वज्ञाने त्या काळातला एक किस्सा सांगून ठेवलाय. परस्परविरोधी विचारांची माणसं हक्कांच्या एकाच यादीवर कशी सहमत झाली, असं कुणी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: हो, सहमत आहोत, फक्त 'का' ते विचारू नका.

पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९४९ ला, आपल्या संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. त्या सभेत देव मानणारे बहुसंख्य होते. मला हा त्यांचा श्रद्धेचा अभाव वाटत नाही. त्यांनी दाराची चौकट उभी केली आणि प्रत्येकाने आपापला दिवा आणावा म्हणून आत जागा ठेवली. 'भेदाभेद भ्रम अमंगळ' म्हणणारी माझी आजी तुकोबांचा दिवा घेऊन आत येते. दालदी मोहल्ल्यातले माझे पक्षकार कुराणातल्या १७ व्या सूरेची ७० वी आयत सांगतात: आम्ही आदमच्या संततीला प्रतिष्ठा दिली. जोतीराव फुल्यांनी 'मानवाचे हक्क' लिहिणारा टॉमस पेन वाचला होता, पण लिहिताना 'निर्मीक', म्हणजे निर्माता, हा आपला शब्द घडवला आणि सांगितलं की त्या निर्मीकाने स्त्री आणि पुरुष दोघांना जन्मतः स्वतंत्र केलं. मराठीत मानवी हक्कांचं धर्मशास्त्र शोधायचं असेल तर त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म'पासून सुरुवात कर. कॉलेजात ते कुणी नेमत नाही याची मला खंत वाटते.

आपल्या जुन्या परंपरेत हा विचार नव्हता असं म्हणू नकोस. बृहदारण्यक उपनिषदात धर्माला 'क्षत्राचं क्षत्र', म्हणजे सत्तेवरची सत्ता, म्हटलंय आणि पुढे म्हटलंय की धर्माच्या बळावर दुबळा बलवानावर हुकमत चालवू पाहतो, जशी राजाच्या बळावर चालवावी. हक्काची इतकी नेमकी ओळख मला दुसरीकडे सापडली नाही. हक्क असतोच दुबळ्यासाठी. बलवानाला त्याची गरज पडत नाही. पण त्याच परंपरेत मनुस्मृती आहे. दहाव्या अध्यायात ती अहिंसा, सत्य, अस्तेय हे चारी वर्णांचे समान धर्म सांगते आणि आठव्यात द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटायला सांगते. आपल्या चिपळूणजवळच्या परशुराम परिसरातले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहून हे सारं उघड्यावर मांडून ठेवलंय. 'आमच्याकडे सगळं होतंच' आणि 'आमच्याकडे काहीच नव्हतं' या दोन्ही वाक्यांना तो ग्रंथ पुरून उरतो.

आता महाडला ये. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आहे, आणि तारखांच्या क्रमाने ते वाचायला हवं.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो मान्य करून तळं खुलं केलं. कागदावर हक्क मिळाला. तीन वर्षं त्या पाण्याला कुणी हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग मारहाण झाली, मग तळ्याचं 'शुद्धीकरण'. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

इथे थांब आणि ऑस्टिनला समोर बसव. अधिकृत संस्थेने दिलं, अधिकृत संस्थेनेच काढून घेतलं. हक्क म्हणजे वरून मिळालेली देणगी असेल तर त्या दिवशी तो संपला. डिसेंबरात विरोधकांनी दिवाणी दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूमही मिळवला. आता नगरपालिकेचा किंवा कोर्टाचा एकही कागद आंबेडकरांच्या बाजूला नव्हता. तरी २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरली. बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. तिथे जन्मसिद्ध समानतेचा जाहीरनामा मांडला गेला आणि मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचं पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही, इतरांसारखे आम्हीही माणूस आहोत हे सिद्ध करायला जायचं आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आणि तरीही मनाईहुकूम मोडू नये यासाठी त्यांनी जमलेल्या लोकांचं मन वळवलं. वकील म्हणून मला हे फार मोठं वाटतं. कोर्टाचा हुकूम पाळताना तो हुकूम म्हणजे न्याय आहे, असं त्यांनी एकदाही मान्य केलं नाही.

दावा दहा वर्षं चालला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच. तो निकाल मिळवून वाच. त्यात माणसाच्या समानतेबद्दल जवळजवळ काही नाही. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, एवढ्यावर तो उभा आहे. फक्त एका वाक्यात म्हटलंय की रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का याचा विचार कदाचित करावा लागला असता.

त्या 'कदाचित'पाशी मी अनेकदा थांबते. समजा वादींनी पुराव्याचं काम चोख केलं असतं, जुनी कागदपत्रं आणली असती, तर? तळ्यावर उतरलेल्या माणसांचा हक्क पुराव्याच्या कमतरतेवर अवलंबून होता का? ज्याला 'नाही' असं ठाम म्हणावंसं वाटतं, तो नैसर्गिक कायद्यावर विश्वास ठेवतो, मग तो स्वतःला नास्तिक म्हणवो की आणखी काही.

बेंथमवर अन्याय करू नकोस. तो म्हणाला की गरज म्हणजे पुरवठा नव्हे, भूक म्हणजे भाकरी नव्हे. ते खरं आहे. तळ्यावर पाणी प्यायला पोलिस, नगरपालिका, निकाल हे सगळं लागतं. पण माझ्या माहेरचीच गोष्ट सांगते. आम्ही खोतांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं, घर. माळ्यावरच्या ट्रंकेत कुळांकडून लिहून घेतलेल्या कबुलायती अजून आहेत, सह्या-अंगठ्यांसकट, एकूण एक कायदेशीर. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसली नाही ती या कायदेशीर व्यवस्थेविरुद्ध. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. त्या मधल्या वर्षांत कुळांना जे वाटत होतं त्याला बेंथम भूक म्हणेल. मी त्या कबुलायती वाचल्या आहेत. त्याला मी हक्कच म्हणते.

आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या कलम २१ ची अंमलबजावणी स्थगित आहे, तेव्हा स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दारच नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना म्हणाले की कलम २१ नसतं तरीही कायद्याच्या आधाराविना कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नसता. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते बहुमत पुसून टाकलं आणि हे हक्क संविधानाने निर्माण केलेले नाहीत, मान्य केलेले आहेत, असं सांगितलं. टिळकांनी स्वराज्याला 'जन्मसिद्ध' म्हटलं ते याच अर्थाने. तो शब्द इतका घासलाय की त्यातला दावा आपल्याला ऐकू येत नाही.

आणि कोर्टातला उपयोग? दाव्याच्या अर्जात 'नैसर्गिक कायद्यान्वये' असं लिहू नकोस. साहेब कलम विचारतील आणि ते बरोबरच आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्यासारख्या हक्कांच्या कायद्याचं, कलम १८ घे, रूढीने आलेली वहिवाट मांड. पण रूढी कोर्टात टिकायला ती वाजवी असावी लागते, आणि 'वाजवी' या एका शब्दातून हा सगळा इतिहास आत येतो. आपल्या मुंबई इलाख्यात तर १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या कलम २६ ने सांगून ठेवलं होतं की कायदा नाही, रूढी नाही, तिथे न्याय, समन्याय आणि सदसद्विवेक यांवर निर्णय द्या. तहसीलदारांनी नोटीस न देता फेरफार रद्द केला, की तू 'नैसर्गिक न्याय', म्हणजे ऐकून घेतल्याशिवाय निर्णय नको, म्हणून अपील करशील. त्या तत्त्वाची मुळंही धर्मशास्त्रात आहेत: १७२३ मधल्या एका इंग्रजी खटल्यात न्यायाधीशाने म्हटलं की देवानेसुद्धा आदमला शिक्षा देण्यापूर्वी विचारलं, 'आदम, तू कुठे आहेस?' सर्वज्ञ देवाला ठाऊक नव्हतं का? तरी विचारलं. प्रांत कार्यालयात मी हे एकदा सांगितलं, तेव्हा प्रकरण फेरचौकशीला परत गेलं.

त्या मच्छीमारांच्या वाटेचा दावा खालच्या कोर्टात आम्ही कलम १८ वर जिंकलो. मालकाने अपील केलंय. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. फाटकाचं कुलूप सध्या निघालंय आणि पहाटे जाळी त्याच वाटेने खाली जातात. आजोबा निकालापूर्वीच गेले. अपिलात समोरचे वकील त्यांची ती ओळ वाचणार हे नक्की: 'सदर हक्क कोणी दिला हे मी सांगू शकत नाही.' म्हणून यावेळी ती मीच आधी वाचणार आहे, माझ्या युक्तिवादाचं पहिलं वाक्य म्हणून. तारखेला मोकळी असशील तर येऊन बस.